'इनॉक्युलेट' म्हणजे डोळा भरणे

शीर्षक वाचून शेतकी कॉलेजच्या अंकातलं पान चुकून आपल्या अंकात छापलं गेलं की काय, असं वाटण्याचा संभव आहे. तसं काही नाही. विषय एका इंग्रजी क्रियापदाचा आहे आणि तेही औषधपाण्यातलं आहे.

इनप्लँट ट्रेनिंगसाठी कंपन्या जे फॉर्म भरून घेतात, त्यांत एक मेडिकलचं पान असतं. यंदा आमच्या विंगमध्ये आलेल्या अशाच एका फॉर्मवर एकाखाली एक तीन ओळी होत्या. एकीत 'व्हॅक्सिनेटेड' असं विचारलं होतं, दुसरीत 'डेट ऑफ लास्ट इनॉक्युलेशन' आणि तिसरीत 'इम्युनाइझ्ड अगेन्स्ट टिटॅनस'. बहुतेकांनी तिन्ही ओळींपुढे 'येस' लिहून टाकलं. तारखेच्या जागीसुद्धा 'येस'! विचारलं तर उत्तर ठरलेलं : "सगळं इंजेक्शनच की रे!"

आता इंजेक्शन तर खरंच. पण या तीन शब्दांची गावं वेगवेगळी आहेत. एक बागेतून आला, दुसरा गोठ्यातून आणि तिसरा चक्क महसूल खात्यातून. तिन्ही एकच समजून चाललं तर फॉर्म भरताना फार तर हसू होईल, पण कुत्रा चावल्यावर जिवाशी गाठ पडते. ते पुढे येईलच.

आधी बाग. लॅटिनमध्ये 'ऑक्युलस' म्हणजे डोळा. चष्म्याच्या दुकानावरचं 'ऑक्युलर' तिथलंच. 'इन' म्हणजे आत. दोन्ही जोडून रोमन माळी 'इनॉक्युलारे' म्हणत, म्हणजे एका झाडाचा डोळा काढून दुसऱ्या झाडात बसवणे. इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकाच्या सुमारास आला, तोही याच अर्थाने. डॉक्टरांचा त्याच्याशी तेव्हा काही संबंध नव्हता.

मला गंमत वाटली ती याची, की मराठी शेतकऱ्यालाही तिथे डोळाच दिसला. मी वाळवा तालुक्यातला, उसाच्या पट्ट्यातला. आमच्याकडे लागणीला 'दोन डोळ्यांची टिपरी' म्हणतात. गुलाबावर, संत्र्यावर कलम करायचं तर 'डोळा भरतात'. खालच्या रानटी झाडाच्या सालीला इंग्रजी टी आकाराचा काप द्यायचा, साल अलगद उचलायची, चांगल्या जातीचा डोळा आत सरकवायचा आणि पट्टीने बांधून टाकायचं. दोन-तीन आठवड्यांनी पाहायचं. डोळा हिरवा राहिला तर धरला, काळा पडला तर गेला. (तासगावकडचे द्राक्षवाले मित्र म्हणतील, आम्ही तर काडीचं पाचर कलम करतो. मान्य. ते वेगळं.)

स्पेलिंगचं कोडंही इथेच सुटतं. बरेच जण 'इनॉक्युलेट'मध्ये दोन 'एन' घालतात. 'इन'चा एक 'एन' संपला की लगेच 'ऑक्युलस'चा 'ओ' सुरू होतो, दुसऱ्या 'एन'ला जागाच नाही. 'सी'सुद्धा एकच. उलट 'व्हॅक्सिनेट'मध्ये 'सी' दोन आणि 'एन' एक. डोळा आठवला की चूक होत नाही.

मग हा माळ्याचा शब्द दवाखान्यात कसा गेला? देवीच्या रोगामुळे. ज्याला देवी सौम्य आल्या आहेत त्याच्या फोडातला थोडा द्रव घ्यायचा, निरोगी माणसाच्या कातडीला ओरखडा काढून त्यात भरायचा, की त्याला बहुधा हलका आजार होऊन तो पुढे सुरक्षित राहतो, हे ज्ञान तुर्कस्तानात आणि आपल्याकडे बंगालमध्येही होतं. लेडी मेरी वर्टली माँटॅग्यू या इंग्रज वकिलाच्या पत्नीने १७१७ साली तुर्कस्तानातून पाठवलेल्या पत्रात याचं वर्णन केलं. तिने शब्द वापरला तो 'एनग्राफ्टिंग', म्हणजे पुन्हा कलमच! १७२१ मध्ये लंडनमध्ये तिने आपल्या मुलीला हे करून घेतलं. कृती डोळ्यासमोर आणा. कातडीला काप, आत दुसरीकडचा जिवंत अंश, वर पट्टी, आणि काही दिवसांनी धरलं की नाही ते पाहणं. माळ्याचा शब्द इथे चपखल बसला. लस 'टेक' झाली असं इंग्रजीत अजूनही म्हणतात, तेही कलमाचंच बोलणं.

या पद्धतीत एक धोका होता. भरायचं ते खऱ्या देवीचंच बीज. काही माणसं त्यातच दगावत आणि त्यांच्यापासून इतरांना लागण होई.

आता गोठा. १४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरने गायीच्या देवी झालेल्या एका गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडात भरला. पुढे त्याला खऱ्या देवीचं बीज टोचूनही काही झालं नाही. लॅटिनमध्ये 'व्हॅका' म्हणजे गाय. जेन्नरने १७९८ साली आपल्या पुस्तकात या रोगाला 'गायीच्या देवी' अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं आणि १८०० मध्ये रिचर्ड डनिंग या त्याच्या सर्जन मित्राने त्यावरून 'व्हॅक्सिनेशन' शब्द पाडला. शब्दशः पाहिलं तर 'व्हॅक्सिनेट' म्हणजे 'गायवणे'! (अलीकडच्या जनुकीय तपासण्यांत देवीच्या जुन्या लशीतला विषाणू घोड्याच्या देवींना जास्त जवळचा निघाला. तेव्हा गायीला मिळालेला मान थोडा उसना आहे. पण शब्द आता बदलणार थोडाच!)

ही लस बगदाद, बसरा अशी दंडातून दंडात प्रवास करत मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतातली ही पहिली यशस्वी लस. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना. फ्रीज नव्हता, त्यामुळे माणूसच बाटली!

आपला मराठी शब्द इथेच जुळतो. फोडातून, जखमेतून झिरपणाऱ्या चिकट पाण्याला जुनी माणसं 'लस' म्हणत. इंग्रजीने गायीचं नाव ठेवलं, मराठीने त्या पाण्याचं. माझी आजी मात्र लस वगैरे म्हणत नाही. तिच्या दंडावर रुपयाएवढे दोन व्रण आहेत आणि ती म्हणते, "माझ्या देवी काढल्यात." गावात येणाऱ्या टोचणाऱ्याला 'देवी डॉक्टर' म्हणायचे. १९७५ साली भारतात देवीचा शेवटचा रोगी सापडला, तोपर्यंत हा डॉक्टर खेडोपाडी हिंडत होता. तो दिसला की पोरं उसात पळायची, हेही आजीच सांगते. हिंदीत याला 'टीका' म्हणतात. रेल्वे स्टेशनवर 'टीका लगवाइए' अशी पाटी दिसते तेव्हा मराठी माणसाला हसू येतं. आपल्याला टीका करायला कुणी सांगावं लागतं का?

पुढे १८८१ मध्ये लुई पाश्चरने लंडनच्या परिषदेत सुचवलं की जेन्नरच्या सन्मानार्थ 'व्हॅक्सिन' हा शब्द सगळ्याच रोगांच्या लशींना वापरावा. म्हणून आज कोविशिल्डमध्ये गायीचा मागमूस नसला (त्यात चिंपांझीचा सर्दीचा विषाणू बदलून वापरला आहे) तरी तीही 'व्हॅक्सिन'च.

गायीचा विषय निघाला की शिरवळच्या माणसाची मान आपोआप क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे वळते. १९८८ पासून हे कॉलेज इथे आहे आणि आपल्यातल्या कित्येकांचे मित्र तिथे शिकतात. माझाही एक आहे. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा महाराष्ट्रभर गायींना जी लस टोचली गेली ती मुळात शेळ्यांच्या देवीची होती. लम्पीचा विषाणू आणि शेळीच्या देवीचा विषाणू एकाच कुळातले, म्हणून एकाची लस दुसऱ्याला चालते. जेन्नरने केलं तेच, फक्त पात्रं बदलली. तिथे गायीची लस माणसाला, इथे शेळीची गायीला. मित्राला मी म्हटलं, तुम्ही गायीला 'व्हॅक्सिनेट' करता म्हणजे शब्दशः गायीला गायवता. तो म्हणाला, "तू पहिले येऊन तिला धर, मग बोलू."

आता या भागातली एक गोष्ट, जी कळल्यापासून माझ्या मनातून जात नाही. शिरवळच्या जवळच नायगाव आहे. आपण सहलीला, ३ जानेवारीच्या कार्यक्रमाला जातो ते सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. १८९६ च्या शेवटी मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन हा ओडेसाचा, पाश्चरच्या संस्थेत काम केलेला शास्त्रज्ञ. त्याने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा खोलीत प्लेगवर लस बनवायला घेतली. मांसाच्या सूपासारखा रस्सा फ्लास्कमध्ये घ्यायचा, त्यावर तुपाचे थेंब सोडायचे आणि प्लेगचे जंतू त्यात घालायचे. तुपाच्या थेंबांना लटकून जंतू खाली वाढत जात. मग उष्णता देऊन ते मारायचे. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ही लस स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, उतरला. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना टोचली.

त्याच सुमारास पुण्यात प्लेग पोचला होता. सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई रोग्यांना तिथे पोचवत होत्या. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन नेताना त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हाफकिनने सुई टोचून घेतली त्याला त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते. ज्या हडपसरला हा दवाखाना होता, तिथेच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

मुद्द्यावर येतो. हाफकिनच्या लशीला त्या वेळचे इंग्रजी अहवाल 'व्हॅक्सिनेशन' म्हणत नाहीत, 'प्लेग इनॉक्युलेशन' म्हणतात. पाश्चरने सुचवून सोळा वर्षं झाली होती, पण सरकारी कागदात 'व्हॅक्सिनेशन' म्हणजे देवीच. बाकी सगळं 'इनॉक्युलेशन'. म्हणून आजही जुन्या धाटणीच्या फॉर्मवर, जहाजाच्या किंवा लष्कराच्या कागदांवर 'इनॉक्युलेशन' दिसतं. अर्थ लस घेणं एवढाच. माणसाच्या बाबतीत आज 'इनॉक्युलेट' आणि 'व्हॅक्सिनेट' एकमेकांच्या जागी चालतात. पहिला थोडा जुनाट, कागदी वाटतो, एवढाच फरक.

पण माणूस सोडला की ते चालत नाहीत. हाफकिनचंच पाहा. त्याने फ्लास्कमध्ये जिवंत जंतू घातले तेही 'इनॉक्युलेट', आणि मेलेले जंतू माणसाला टोचले तेही 'इनॉक्युलेट'. पहिल्या ठिकाणी 'व्हॅक्सिनेट' म्हटलं तर फ्लास्कला प्लेगपासून वाचवलं असा अर्थ होईल! थोडंसं बीज टाकून सगळ्याचा गुण बदलायचा, हा या क्रियापदाचा गाभा. आपल्या घरात रोज रात्री हे होतं. दुधाला विरजण लावणं म्हणजे 'इनॉक्युलेट' करणं. सोयाबीनच्या बियाण्याला पेरण्याआधी रायझोबियम चोळतात, तेही.

मेकॅनिकलच्या पोरांना तर हा शब्द फाउंड्रीत भेटतो. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालचा. तेव्हापासून सांगली-सातारा-कोल्हापूरच्या पट्ट्यात बिडाचं ओतकाम चालतं. वितळलेलं बीड साच्यात ओतायच्या अगदी आधी त्यात फेरोसिलिकॉनचा चुरा टाकतात, किलोला जेमतेम दोन-तीन ग्रॅम. याला 'इनॉक्युलेशन' म्हणतात. त्या कणांभोवती ग्रॅफाइट धरायला सुरुवात होते. हे केलं नाही तर पातळ भागात बीड पांढरं आणि काचेसारखं कडक होतं, लेथवर टूल मोडतं. आणखी एक गोष्ट. चुरा टाकून दहा-पंधरा मिनिटं ओतायचं राहिलं तर परिणाम विरून जातो. याला 'फेडिंग' म्हणतात. आमचे वर्कशॉपचे सर म्हणायचे, बिडाची लस पंधरा मिनिटांची.

कॉम्प्युटरवाल्यांनी मागे राहू नये म्हणून सांगतो, जुन्या काळी 'इनॉक्युलेट-आयटी' नावाचा अँटिव्हायरस मिळायचा.

राहिला तिसरा शब्द, महसूल खात्यातला. रोममध्ये 'म्युनस' म्हणजे नागरिकाने सरकारला द्यायची सेवा, देणं. ज्याला ते माफ तो 'इम्युनिस'. आपल्याकडे इनाम जमिनीला सारा माफ असे, तसंच. रोगाचा सारा ज्याला माफ तो 'इम्यून' आणि ती माफी मिळवून देणं म्हणजे 'इम्युनाइझ'. सरकारी मराठीत 'व्हॅक्सिनेशन'ही लसीकरण आणि 'इम्युनायझेशन'ही लसीकरणच, त्यामुळे आपला गोंधळ होतो. खरं तर पहिला शब्द अर्ज केल्याचा आहे, दुसरा सनद मिळाल्याचा. लस टोचल्या दिवशी माणूस 'व्हॅक्सिनेटेड' होतो. 'इम्यून' व्हायला शरीराला दिवस, आठवडे लागतात, आणि पुष्कळदा एकापेक्षा जास्त डोस.

वर्कशॉपमध्ये हाताला कापलं की आपण म्हणतो, "टीटी मारून ये." बऱ्याच जणांना टीटी म्हणजे विषावरचा उतारा वाटतो. तो उतारा नाही. ती लस आहे. (सरकारी दवाखान्यात आता टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पाचीही लस असते. माणसाचा घटसर्प वेगळा आणि गुरांचा वेगळा बरं का. नाव तेवढं एक.) लहानपणीचे डोस पुरे झाले असतील तर जखमेनंतरची टीटी ही नुसती आठवण असते, शरीर जुनी तालीम आठवून लगेच कामाला लागतं. म्हणूनच दर ओरखड्याला घ्यायची गरज नसते. स्वच्छ जखम असेल आणि दहा वर्षांत डोस झाला असेल तर पुरतं, मातीची जखम असेल तर पाच वर्षांचा हिशोब धरतात. पण ज्याचे मूळ डोसच झालेले नाहीत त्याला मोठ्या, घाण जखमेला नुसती टीटी पुरत नाही, वेगळं तयार प्रतिद्रव्याचं इंजेक्शन लागतं. फॉर्मवरच्या तिसऱ्या ओळीला हेच हवं असतं : मागचे डोस कधी झाले.

कुत्रा चावल्यावर हा फरक सगळ्यात महाग पडतो. गेल्या दिवाळीआधी मेसच्या मागे एका ज्युनिअरला कुत्रा चावला. पोटरीला रक्त आलं. दोन इंजेक्शनं झाली आणि तो गावी निघाला. विचारलं तर म्हणतो, "आय हॅव व्हॅक्सिनेटेड, डोंट वरी."

या एका वाक्यात दोन चुका आहेत. आधी व्याकरणाची. मराठीत आपण 'मी केस कापले' म्हणतो, कापतो न्हावी. 'मी ऑपरेशन केलं' म्हणतो, करतो सर्जन. मराठीत ते शोभतं. इंग्रजीत 'आय हॅव व्हॅक्सिनेटेड' म्हणजे मी कुणाला तरी लस टोचली. स्वतःबद्दल बोलताना 'आय हॅव बीन व्हॅक्सिनेटेड' किंवा 'आय गॉट व्हॅक्सिनेटेड'. रोगापुढे 'अगेन्स्ट', लशीपुढे 'विथ'. बोलताना 'फॉर रेबीज' चालून जातं, लिहिताना 'अगेन्स्ट'. प्रयोगशाळेत मात्र दोन्हीकडून चालतं. प्लेट 'इनॉक्युलेट' करा जंतूंनी, किंवा जंतू 'इनॉक्युलेट' करा रश्शात.

दुसरी चूक जिवाची. दोन डोसांनी तो 'व्हॅक्सिनेटेड' धड झाला नव्हता, 'इम्यून' तर नाहीच. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे जे काही करायचं ते लक्षणांच्या आधी. माझा पशुवैद्यकीयचा मित्र (त्यांना कुत्रा चावायच्या आधीच ही लस घ्यायला सांगतात) त्या दिवशी होस्टेलवरच होता. त्याने ज्युनिअरला केसपेपर काढायला लावला आणि कसा वाचायचा ते सांगितलं. ते इथे लिहून ठेवतो, कारण आपल्या आवारात कुत्री कमी नाहीत.

पहिलं काम घरचं. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुणे. केसपेपरवर 'एआरव्ही' लिहिलेलं असतं ती लस. सरकारी दवाखान्यात ती बहुधा कातडीतच देतात, दोन्ही दंडांवर थोडी थोडी, पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. खाजगीत दंडाच्या स्नायूत देतात तेव्हा ०, ३, ७, १४, २८. आणि 'एआरएस' किंवा 'आरआयजी' लिहिलं असेल ते लस नव्हे, ती तयार प्रतिद्रव्यं. रक्त आलेल्या चाव्याला ती जखमेतच आणि भोवती भरतात. शरीराची स्वतःची फौज उभी राहायला आठवडाभर लागतो, तोवरचा हा भाड्याचा पहारा. म्हणून पहिल्या डोसनंतर सात दिवस उलटले की तो देत नाहीत, कारण तोपर्यंत लस कामाला लागलेली असते. ज्युनिअरच्या कागदावर 'आरआयजी' पहिल्या दिवशीच झाल्याची नोंद होती, पण 'एआरव्ही'पुढे ७ आणि २८ कोरे होते. सातवा दिवस लक्ष्मीपूजनाचा येत होता. तो डोस त्याने गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेतला, आणि अठ्ठाविसाव्याला आम्ही दोघं त्याला बाइकवर मध्ये बसवून घेऊन गेलो.